सहा खाचांचा कटर

टिप तुटली ते रचनाला आधी हातानं कळलं आणि मग कानांनी. मशिनच्या चाकावर ठेवलेला तळवा एकदम थरारला, काहीतरी टक्कन वाजलं आणि कटर किंचाळायला लागला. तिनं लाल बटण दाबलं. कटर मंदावत मंदावत थांबला. खाली अल्पेशच्या बोटीच्या इंजिनाचं हेड बांधलेलं होतं, अर्धं चकचकीत आणि अर्धं काळं.

चष्मा सरळ करून ती वाकली. तळहाताएवढी पोलादी चकती, तिच्या कडेला सहा खाचा आणि प्रत्येक खाचेत स्क्रूनं आवळलेली एकेक चौकोनी टिप, अंगठ्याच्या नखाएवढी. कापायचं काम टिपेचं. चकती तिला धरून नुसती फिरवते. टिपेचा एक कोपरा बोथटला की ती फिरवून दुसरा पुढे करायचा आणि चारही कोपरे संपले की ती काढून नवी बसवायची. चकती मात्र वर्षानुवर्षं तीच राहते. आता सहापैकी दोन टिपांचे कोपरे उडाले होते, बाकीच्यांच्या धाराही संपतच आल्या होत्या आणि खणातल्या डबीत नवी एकही उरली नव्हती.

मुरूडहून आगरदांड्याच्या जेटीकडे जाताना उतार लागायच्या आधी पत्र्याची एक शेड आहे. दारावर 'अजित इंजिनिअरिंग वर्क्स' अशी पाटी. अजित जाऊन तिसरं वर्ष सरत आलं होतं, पण पाटी बदलावी असं कुणाला वाटलं नाही, रचनालाही नाही. बोटींची इंजिनं, शाफ्ट, पंप, कधीमधी एखाद्या डंपरचा सुटा भाग, असलं काम तिथं येई आणि रचना ते करी. ती काही आयटीआय झालेली नव्हती. अजितच्या किडन्या गेल्या, डायलिसिससाठी अलिबागच्या खेपा सुरू झाल्या, उभं राहायचं बळ उरलं नाही, तेव्हा तो मशिनपाशी खुर्ची टाकून बसे आणि मागून तिला सांगत जाई. "थांब. आता हळू. अजून जरासं. बास." असं ऐकत ऐकत ती तयार झाली. तो गेल्यानंतर तिनं पहिल्यांदा एकटीनं मशिन सुरू केलं, तेव्हा ती मागून 'थांब' येण्याची वाट बघत राहिली. ते आलं नाही, आणि त्या दिवशी कुणाचंसं हेड जरुरीपेक्षा जास्त कापलं गेलं.

माणसं येत, पण टेकत नसत. अजितच्या वेळी शेडीत सदा कुणी ना कुणी बसलेलं असे. काम झालेला माणूसही चहा होईस्तोवर हलत नसे. आता एकट्या बाईच्या शेडीत कोण बसणार? दारातूनच वस्तू आत ठेवायची, "ताई, कधी देता?" विचारायचं आणि गाडी बंदसुद्धा न करता निघून जायचं. यात कुणाचं काही वाईट नव्हतं. उलट सगळे तिला मान देत होते. त्या मानापायीच कुणी बसत नव्हतं.

दुपारी अल्पेश आला. राजपुरीचा, तिशीतला, बापामागं बोट सांभाळणारा. तोही दारातच उभा राहिला.

"ताई, झाला का काम?"

"नाही झालं. टिपा तुटल्या. मधे कुठंतरी कडक लागलं."

"मग नव्या घाला की."

"नव्या संपल्यात. बघते कुठं मिळतात का."

अल्पेशनं डोकं खाजवलं. "मासेमारीची बंदी उठायला चारच दिवस राहिले. हेड मिळाला तर इंजिन बांधायला अख्खा दिवस जातो. पहिल्या दिवशी बोट गेली नाही तर खलाशी दुसरीकडं जातात. नाही झाला तर मी रोह्याला नेतो. राग नका मानू."

"राग कसला? उद्याचा दिवस दे मला."

तो गेला. अल्पेशनं हेड रोह्याला नेलं की बाकीच्या बोटीही पुढच्या खेपेला तिकडंच जातील, हे रचनाला कळत होतं. पोटापुरतं काही कुठं अडणार नव्हतं, तेवढं प्रथमेश बघत होता. पण सकाळी उठून शेड उघडायची नसेल तर काय उघडायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिनं तुटलेल्या टिपेचा फोटो काढून रोह्याच्या आणि पनवेलच्या दुकानदारांना पाठवला. पनवेलहून उत्तरच आलं नाही. रोह्याच्या दुकानदारानं फोन केला. "ताई, ही टिप बंद होऊन जमाना झाला. काढणारी कंपनीच राहिली नाही. नवा कटर घ्या, त्याच्या टिपा कुठंही मिळतील. पण तुमचं मशिन जुनं, त्याच्या मापाचं बघावं लागेल. दहा-बारा दिवस धरून चला."

संध्याकाळी नेहमीसारखा प्रथमेशचा फोन आला. तो उलव्याला राहायचा, त्याची बायको रुचिका तिथंच एका बँकेत होती. रचनानं टिपांचं सांगितलं.

"आई, किती दिवस ते जुनं मशिन ओढत बसणार? वीक आणि इकडं ये. रुचिकापण तेच म्हणते."

"म्हणते ती. चांगली आहे ती."

"मग?"

रचनानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मागच्या उन्हाळ्यात ती पंधरा दिवस राहून आली होती. अकरावा मजला. दोघं सकाळी कामावर जात आणि रात्री येत. दार लावलं की आत टीव्ही आणि ती. इथंही एकटं, तिथंही एकटं. फक्त तिथं जरा उंचावर. पण हे लेकाला सांगायचं कसं? त्याला ते लागलं असतं.

"बघू," ती म्हणाली. "जेवलास का?"

फोन ठेवल्यावर तिनं भाताला आधण ठेवलं, आणि तांदूळ धुताना तिला रामचंद्रभाऊ आठवला.

रोह्याकडचा एक कारखाना बंद पडला, तिथल्या लिलावात हे मशिन अजित आणि रामचंद्र या दोघांनी मिळून घेतलं होतं. रामचंद्र वयानं मोठा, खाडीपलीकडच्या कुडगावचा. मशिनसोबत हा कटर आला होता आणि डबाभर टिपा. दोघांनी कैक वर्षं एकत्र काम केलं. रचना तेव्हा मशिनच्या जवळही जात नसे, दोघांना भाकरी नेऊन देई. पुढं दिघीला कुठल्याशा वर्कशॉपात रामचंद्रला नोकरी लागली. तिथंही असाच कटर होता म्हणून निघताना तो अर्ध्या टिपा घेऊन गेला, अजितनंच दिल्या. सुरुवातीला तो सुट्टीच्या दिवशी यायचा. मग येणं विरळ झालं आणि पुढं बंदच पडलं. का, ते अजितनं कधी सांगितलं नाही. रामचंद्रचं नाव निघालं की तो मशिनकडं वळायचा. दोघांचं काहीतरी बिनसलंय, असा समज रचनानं करून घेतला. अजित गेला तेव्हा रामचंद्र आला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात बसलेली असताना तिची नजर दोनतीनदा रस्त्याकडं गेली होती. त्या दिवसानंतर तिनंही त्याचं नाव टाकलं.

आता त्याच्याच दारी जायचं म्हणजे जिवावर आलं. भात उतू गेला तरी तिचा विचार संपेना.

सकाळी तिनं चकती मशिनवरून सोडवली, फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली आणि शेडीला कुलूप लावलं. पावसानं उघडीप दिली होती. खाडीपार नेणाऱ्या जंगलजेटीच्या बोटीवर दिवेआगरला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या खच्चून भरल्या होत्या. पोरं कठड्याला रेलून फोटो काढत होती. एका बाईनं रचनाला विचारलं, "मावशी, आमचा सगळ्यांचा एक काढाल का?" रचनानं काढून दिला. ती सगळी हसत एकमेकांना बिलगली होती. न सांगता तिनं आणखी एक काढला.

दिघीला उतरून ती रिक्षानं कुडगावला गेली. "रामचंद्र फिटरचं घर?" विचारल्यावर एका अंगणात मासे साफ करत बसलेल्या ठमी नावाच्या बाईनं सुरीनंच शेजारचं घर दाखवलं. "हाय घरात. जाईल कुठं? माझ्याकडनंच जातो त्याला डबा."

कौलारू घर, पुढं पडवी. पडवीत एक म्हातारा खुर्चीवर बसला होता. रचना पायरीपाशी उभी राहिली. त्यानं तिच्याकडं तोंड केलं खरं, पण तो तिच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी बघत होता.

"कोन हाय?"

"मी रचना. अजितची."

त्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळले. मग तो उठला आणि खांब चाचपत पुढं आला. "वैनी? तुमी आलात? बसा, बसा. ठमे, चा टाक गं जरा!" भिंतीला हात लावत तो आत गेला आणि एक प्लास्टिकची खुर्ची ओढत घेऊन आला. उंबऱ्यावर तिचा पाय अडकला, तो त्यानं वाकून हातानं सोडवला. तेवढ्यात रचनाच्या सगळं ध्यानात आलं. मनात धरून आणलेलं बोलणं तिला आठवेना.

"डोळे कधीपासून?" तिनं विचारलं.

"लय वर्सं झाली. काचबिंदू. आदी कडंचं गेलं, मग मदलं. आता उजेड कळतो. मानूस समोर आला तर सावली कळती. तुमी आलात तवा वाटलं, पोस्टमन."

चहा आला. ठमी कप हातात देऊन निघून गेली. रामचंद्रची बायको पाच-सहा वर्षांमागं वारली होती. मुलगा सुरतेला होता. घर झाडलेलं होतं, पण कुणी राहत असलेल्या घरासारखं वाटत नव्हतं.

रचनानं कप खाली ठेवला. "भाऊ, एक विचारू का? तुमचं आणि ह्यांचं भांडण कशावरून झालं होतं?"

"भांडन? कोनाचं?"

"तुमचं दोघांचं."

म्हाताऱ्यानं मान तिरकी केली. मग हळू म्हणाला, "आमचं न्हाय झालं कदी भांडन. अजित तसं म्हनाला?"

"काहीच म्हणाले नाहीत. तुमचं नाव काढलं की गप्प बसायचे. मला वाटलं…"

"न्हाय, वैनी." तो मान हलवत राहिला. "डोळं अधू व्हायला लागलं तवा मला कामावरनं घरी बसवला. फिटरला डोळं न्हाईत तर ठेवतील कशापायी? अजितला कळलं असतं तर त्यानं मला तिकडं न्हेला असता. खुर्ची टाकून बसवला असता, दोन टाईम चा पाजला असता. मला त्ये नको हुतं. म्हनलं, आपरेशन करू, बरं झालो की आपल्या पायानं जाऊ. त्ये बरं काय व्हायचं नावच घेईना. वर्सं गेली. अन् मग मला राग याया लागला, का हा का येत न्हाय? खाडी मला एकट्याला हाय का वलांडायची?"

"त्यांच्या किडन्या गेल्या होत्या, भाऊ," रचना म्हणाली. "घरातून शेडीपर्यंत यायचं तरी दम लागायचा. त्यांनाही वाटत असेल, जरा बरं वाटलं की जावं."

"ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाय."

"तुमचंही आम्हाला कुणी सांगितलं नाही."

कपातला चहा निवत चालला होता. ठमीच्या अंगणात मांजरं भांडत होती. रचनाला अजितचं ते मशिनकडं वळणं आठवत होतं. इतकी वर्षं ती त्याला राग समजत आली होती. कदाचित तो पलीकडून कुणी येतंय का याची वाट बघत असेल आणि ते बायकोला दिसू नये म्हणून वळत असेल. विचारलं असतं तर सांगितलं असतं का त्यानं? आता विचारायला तो नव्हता, आणि त्याच्याविषयी बोलायला या म्हाताऱ्याखेरीज कुणी नव्हतं.

"गेल्याचं कवा कळलं सांगू?" रामचंद्र म्हणाला. "दोन म्हैन्यांनी. जेटीवरचा एक जन सहज बोलून गेला. तवा इथंच बसलो हुतो. म्हनलं, आता तिकडं कुनाकडं जायाचं? वैनीकडं कुठल्या तोंडानं?" त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "आज कशी वाट वाकडी केलीत?"

आता टिपांचं बोलणं तिला फार किरकोळ वाटलं, लाजही वाटली. तिनं पिशवीतून फडकं काढलं आणि चकती त्याच्या हातात दिली. "ह्याच्या टिपा संपल्या. कुठं मिळत नाहीत. तुम्ही अर्ध्या नेल्या होत्या, त्यातल्या उरल्यात का, विचारायला आले."

रामचंद्रनं चकती दोन्ही हातांत घेतली आणि तिचं वजन तोलून बघितलं. बोटं कडेवरून फिरली, एकेका खाचेत शिरली, बाहेर आली. तो हसला. रचना आल्यापासून पहिल्यांदा.

"ह्यो? ह्यो अजून हाय? मग मशिन कोन चालवतो?"

"मी."

"तुमी?" त्याची बोटं चकतीवर थांबली. "अजितनं शिकवलं?"

"खुर्चीत बसून. मागनं ओरडायचे."

"वरडायचा, व्हय. मलापन वरडायचा. वयानं ल्हान, पन वरडायचा." चकती मांडीवर ठेवून त्यानं तिच्यावर तळवा ठेवला. "माळ्यावर बिस्किटाचा डबा हाय. म्हातारी भंगारात घालाया निघाली हुती, मी घालू दिला न्हाय. बघा वर, शिडी हाय मागल्या बाजूला."

रचना पदर खोचून शिडीवर चढली. माळ्यावर जुनी जाळी, फुटकी बादली आणि ट्रंका होत्या. मोबाईलच्या उजेडात तिला डबा दिसला. झाकण गंजून बसलं होतं, ते खाली आणून हातोडीनं ठोकून उघडावं लागलं. डबा गंजला होता, पण टिपांना काही झालं नव्हतं. तेलकट कागदात त्या तशाच पिवळसर चमकत होत्या.

निम्म्याहून जास्त वापरलेल्या निघाल्या. रचना एकेक टिप उजेडात धरून बघत होती आणि रामचंद्र दुसऱ्या बाजूनं एकेक उचलून कोपरे नखावर घासत होता. दोघांच्या मध्ये स्टुलावर दोन ढीग होत गेले. एकदोनदा तिनं चांगली म्हणून टाकलेली टिप त्यानं बाजूला काढली. एकदा त्यानं चांगली म्हणून ठेवलेलीला तिला बारीक चीर दिसली, ती तिनं काढली. शेवटी दहाएक धड टिपा उरल्या. त्या तिनं रुमालात बांधल्या.

"माझ्यासोबत चला," ती म्हणाली. "उद्या हेड कापायचंय. बसा तिथं, बघा… म्हणजे ऐका. भाकरी खाऊन संध्याकाळच्या फेरीनं मी आणून सोडीन."

"न्हाय, वैनी. जेटीवर चढाया-उतरायला भ्या वाटतं आता."

"मी धरीन की हाताला."

"त्येच नको वाटतं."

तिनं पुन्हा आग्रह केला नाही. त्याचा फोन नंबर घेतला, स्वतःचा त्याच्या साध्या फोनमध्ये घालून दिला आणि दोनच्या आकड्यावर लावून ठेवला. एकाच्या आकड्यावर मुलगा होता. ती पायऱ्या उतरत असताना तो पडवीत उभा होता. ती उजवीकडं वळली तरी तो समोरच बघून हात हलवत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं भल्या सकाळी शेड उघडली. खाचा राकेलनं धुतल्या, सहा टिपा बसवल्या, हेड हलवलेलं नव्हतं तरी परत तपासून घेतलं आणि मशिन सुरू केलं. पहिल्या फेऱ्यात पृष्ठभागावर एक बारीक रेघ उमटली, नखाला लागण्याइतकी. म्हणजे एखादी टिप बाकीच्यांपेक्षा वर बसली होती. थांबवून तिनं एकेक टिप तपासली. चौथ्या खाचेच्या तळाशी लोखंडाचा कणीएवढा कीस अडकला होता. तो सुईनं काढला, टिप पुन्हा आवळली आणि दुसरा फेरा सोडण्याआधी तिनं फोन उचलून दोनतीनदा खाली ठेवला. मग लावला.

"भाऊ, मशिन लावतेय. ऐकू येतं का बघा."

फोन स्पीकरवर टाकून तिनं खिडकीत ठेवला. कटर हेडवर चढला. खळखळ नाही, किंचाळी नाही, नुसता एकसारखा घरघर आवाज, पिठाच्या गिरणीसारखा. हेडचं काळं अंग मागं पडत गेलं आणि पांढरं पुढं येत गेलं. फेरा संपेस्तोवर फोनमधून शब्द आला नाही. तिला वाटलं, कट झाला असेल.

"सरळ गेला," फोनमधून आवाज आला. आणि जरा वेळानं, "वैनी, अजून हाय का काई कापायला?"

अल्पेश दुपारी हेड घेऊन गेला. बंदी उठली त्या दिवशी त्यानं इंजिनाचा व्हिडिओ पाठवला. नुसता आवाज आणि हलता समुद्र. रचनानं तो चारपाच वेळा बघितला.

मग ती सवयच पडली. मोठं काम असलं की ती फोन लावून खिडकीत ठेवायची. पलीकडं पडवीत तो फोन मांडीवर घेऊन बसायचा. तिला ठमीच्या कोंबड्या ऐकू यायच्या, त्याला इथला कटर. पुष्कळदा दोघांपैकी कुणीच बोलायचं नाही. कधी तो अजितच्या तरुणपणाची एखादी गोष्ट सांगायचा, रचनानं कधी न ऐकलेली. लिलावातून मशिन आणताना ट्रक रात्रभर घाटात बंद पडला आणि दोघं मशिनला टेकून झोपले होते, अजितनं तेव्हा तिच्यासाठी बांगड्या घेतल्या होत्या आणि त्या सकाळी फुटलेल्या निघाल्या. त्या बांगड्यांचं तिला कधी कळलंच नव्हतं. काम थांबवून ती तेवढं परत सांगायला लावायची.

गणपती झाले आणि रामचंद्रचा मुलगा सुरतेहून आला. बाप पडवीत पडला होता, डोक्याला खोक पडली होती, हे त्याला ठमीनं कळवलं होतं. त्यानं घराला कुलूप लावलं आणि बापाला सोबत नेलं. जायच्या आदल्या दिवशी रामचंद्रचा फोन आला. "तितं पन फोन लागतो म्हनं," तो म्हणाला.

लागायचा. पण तिथं मागं पंखा असायचा, टीव्ही असायचा, खालच्या रस्त्याचे भोंगे असायचे. "सूनबाई दुपारची निजती, मोठ्यानं बोलता येत न्हाय," असं तो सांगायचा. एकदा तिनं जेटीवरून येताना पाव आणले, ते सांगायला फोन केला, तर मुलानं उचलला आणि सौजन्यानं म्हणाला, "बाबा झोपलेत. काही काम होतं का?" काम काहीच नव्हतं. ती म्हणाली, "नाही, सहज." मग फोन आठवड्यावर गेले, पुढं पंधरवड्यावर.

इकडं टिपा एकेका कोपऱ्यानं संपत चालल्या होत्या. दिवाळीनंतर शेवटच्या सहा चकतीत चढल्या. रचनानं रोह्याच्या दुकानदाराला मशिनचं माप कळवलं आणि नवा कटर मागवला. संध्याकाळी तिनं प्रथमेशलाही सांगितलं.

"म्हणजे तू येत नाहीस," तो म्हणाला.

"येईन की राहायला. चार दिवस येईन. तिथलं काही वाईट नाही रे."

"मला माहीत आहे, आई," तो म्हणाला. आवाजावरून त्याला खरंच माहीत असावं असं तिला वाटलं.

कुरिअरनं खोकं आलं. आत नवी कोरी चकती होती आणि टिपांच्या दोन डब्या. टिपा जुन्यांसारख्या चौकोनी नव्हत्या, तिरक्या होत्या आणि रंगानं काळ्या. स्क्रूही वेगळे, त्यांची चावी वेगळी. जुनी चकती तिनं तेल लावून कागदात गुंडाळून ठेवली. नवी चढवायला तिला सकाळ गेली. टिपा कुठल्या बाजूनं बसतात ते कळायला दोनदा काढून घालाव्या लागल्या. मग एका पंपाचं बीड, ओतीव लोखंडाचं कवच, बांधलं, मशिन सुरू करण्याआधी फोन लावला. तो त्यानंच उचलला.

"भाऊ, नवा कटर आला. ऐका."

कटर बिडावर चढला. आवाज पातळ होता, सुळसुळीत, जसं कुणी रेशमी कापड फाडतंय. रचना हात चाकावर ठेवून उभी राहिली. कापतंय ते चांगलं की वाईट, तळव्याला काहीच सांगता येईना. तिनं मधेच थांबवून बोट फिरवून बघितलं. गुळगुळीत होतं.

"कसं वाटतं?" तिनं विचारलं.

पलीकडं टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.

"वैनी, ह्यो आवाज मला न्हाय कळत."

"मलाही नाही कळत अजून."

"मग रोज ऐका. तुमाला कळंल." मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

रचनानं फोन खणात ठेवला. हेच बीड उद्या न्यायला माणूस येणार होता. तिनं मशिन पुन्हा सुरू केलं, कान जरा पुढं केला आणि मघाच्या जागेपासून पुढचा फेरा सोडला.